ताप आलेल्या लहान बाळाची लघवी कशी घ्यावी आणि तिचा रिपोर्ट कसा वाचावा

प्रश्न कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील नंदगडजवळच्या एका गावातून आला आहे. 11 महिन्यांच्या मुलीला 3 दिवस ताप आहे, काखेत लावलेला थर्मामीटर 102 ते 103 दाखवतो, सर्दी, खोकला किंवा जुलाब नाहीत, दिवसातून एक-दोन उलट्या होतात आणि दूध पिताना ती किरकिर करते. जवळच्या लॅबमध्ये चिकटपट्टीची पिशवी लावून लघवी घेतली, तिच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स 8 ते 10, एपिथेलियल सेल्स 6 ते 8 आणि नायट्राइट निगेटिव्ह असे आले. एका डॉक्टरांनी लघवीत इन्फेक्शन आहे असे सांगून अँटिबायोटिकचे सिरप लिहून दिले, ते आणून ठेवले आहे पण अजून दिलेले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी नळीने लघवी घेऊन कल्चर करा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी करा, असे सांगितले, आणि घरी बाळाच्या आजींचे म्हणणे आहे की वरचे दात फुटत आहेत, ताप त्याचाच आहे. आईने विचारले आहे की कोणाचे ऐकावे, नळी घालणे मुलीला धोक्याचे आहे का, आणि मूत्रपिंडाला काही होईल का.

उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे: नळीने स्वच्छ लघवी घ्यावी, ती कल्चरला द्यावी आणि त्यानंतर लगेच, त्याच ठिकाणी, औषधाचा पहिला डोस द्यावा. पहिल्या डॉक्टरांचा संशयही योग्य आहे; फक्त त्या संशयाचा पुरावा हाती येण्यापूर्वी औषध सुरू झाले, तर तो पुरावा पुन्हा मिळणे फार कठीण होते. आणि हे सगळे आज व्हायला हवे, पुढच्या बाजाराच्या दिवशी नव्हे.

दातांबद्दल आजींचा अनुभव मी हलक्यात घेत नाही. दात फुटताना बाळ चिडचिडे होते, लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, अंग थोडेसे कोमटही लागते. परंतु सलग 3 दिवस 102-103 पर्यंत जाणारा ताप दातांमुळे येत नाही. या वयात कोणता ना कोणता दात नेहमीच फुटत असतो, त्यामुळे कोणत्याही तापाला हे कारण चिकटवता येते, आणि त्यातच मौल्यवान दिवस निघून जातात.

दोन वर्षांखालील ज्या बाळांना ताप आहे पण तपासल्यावर तापाचे दुसरे ठिकाण सापडत नाही, त्यांच्यापैकी साधारण 5 ते 7 टक्के बाळांना मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. हा झाला सरसकट आकडा. एकेका बाळाकडे पाहिले की शक्यता वर-खाली होते. मुलगी असणे, वय वर्षाच्या आत असणे, ताप 39 अंश सेल्सिअस म्हणजे 102.2 फॅरनहाइटच्या वर जाणे, तो दोन दिवसांपेक्षा जास्त टिकणे आणि दुसरे कारण न दिसणे, यांतील प्रत्येक गोष्ट शक्यता वाढवते, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत या साऱ्याच गोष्टी लागू आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र चित्र उलटे असते. त्या वयात मुलग्यांमध्ये हा संसर्ग अधिक आढळतो, पुढे मुलींमध्ये.

मोठ्या माणसाला उन्हाळी लागली की तो स्वतः सांगतो: जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, ओटीपोटात दुखते. 11 महिन्यांचे बाळ यांतले काहीच सांगू शकत नाही. त्याच्याकडे ताप, उलटी, दूध नाकारणे आणि रडणे एवढीच भाषा असते, आणि नवजात बाळात तर कधी ताप न येता नुसती लांबलेली कावीळ किंवा न वाढणारे वजन एवढ्यावरच हा आजार दिसतो. लघवीला उग्र वास येतो म्हणून संसर्ग, किंवा वास नाही म्हणून संसर्ग नाही, असे दोन्ही निष्कर्ष चुकतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातून येणाऱ्या प्रत्येक तापाला डेंग्यू, मलेरिया किंवा व्हायरल म्हणण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. रक्ताच्या तपासण्या तीन-तीनदा होतात, आणि लघवी एकदाही तपासलेली नसते.

आता नमुन्याकडे येते, कारण या आजाराचे निदान बरेचसे लघवी कशी पकडली यावर ठरते.

चिकटपट्टीची पिशवी सोयीची आहे, बाळाला दुखत नाही, आणि लॅबमधल्या मुलाला दुसरे काही करावे लागत नाही. पण त्या पिशवीत पडणारी लघवी आधी मांड्यांच्या घड्या, योनिमार्गाचे तोंड आणि शौचाच्या जागेजवळची त्वचा धुऊन मग खाली उतरते. तिथे जंतू नेहमीच असतात. अशा लघवीचे कल्चर केले की काहीतरी उगवतेच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या 2011 च्या मार्गदर्शिकेने याचा हिशेब मांडला आहे: संसर्गाचे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास धरले, तर पिशवीतल्या नमुन्याचे जे कल्चर पॉझिटिव्ह येतात त्यांतले 80 टक्क्यांहून अधिक खोटे असतात. तुमच्या मुलीसारख्या, संशय मुळातच जास्त असलेल्या बाळात हे खोटेपण थोडे कमी होईल, तरी त्यावर दहा दिवसांचे औषध आणि पुढच्या तपासण्या उभ्या करणे योग्य नाही. पिशवीचा उपयोग एकच आहे. तिच्यातली लघवी पूर्ण निर्दोष आली, म्हणजे पस सेल्स नाहीत, ल्युकोसाइट एस्टरेज नाही, नायट्राइट नाही (या तिन्हींचे अर्थ पुढे सांगते), तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. दोष दिसला तर मात्र दुसरा, चांगल्या पद्धतीने घेतलेला नमुना लागतो. तुम्ही आज याच टप्प्यावर आहात. रिपोर्टमधल्या एपिथेलियल सेल्स 6 ते 8 या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाही, पण त्या त्वचेच्या पेशी आहेत आणि लघवी त्वचेवरून आली आहे हेच त्या सांगतात.

डायपर किंवा लंगोटात ठेवलेल्या कापसातून पिळून काढलेली लघवी तर कल्चरला पाठवूच नये.

चांगल्या पद्धती तीन आहेत. पहिली म्हणजे धारेतली मधली लघवी थेट निर्जंतुक डबीत झेलणे. दोन वर्षांच्या, सांगितल्यावर शू करणाऱ्या मुलात हे सहज जमते. लहान बाळात संयम लागतो. माझ्या ओपीडीत मी हे असे करते: बाळाला आधी पोटभर पाजायला सांगते, वीस-पंचवीस मिनिटांनी खालची जागा साध्या कोमट पाण्याने व साबणाने धुऊन, कोरड्या स्वच्छ कापडाने टिपून घेते, मग आई बाळाला काखांखाली धरून मांडीवर अर्धवट उभे करते आणि नर्स डबी उघडून, बोट आत न लागू देता, समोर तयार राहते. गार सलाइनमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा ओटीपोटावर हलकेच गोल फिरवला की पुष्कळ बाळांना लघवी होते. मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये ही युक्ती पद्धतशीर पडताळून पाहिली, तेव्हा पाच मिनिटांत लघवी करणाऱ्या बाळांचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर गेले. म्हणजे दहांतली सात बाळे तरीही वाट पाहायलाच लावतात, हेही त्याच आकड्यात आहे. एकदा एक आई दीड तास बाळाला असे धरून बसली होती, आणि डबीचे झाकण लावायला क्षणभर मान वळवली तेवढ्यात बाळाने तिच्या पदरावर लघवी केली. बाळ आजारी असेल, उलट्या करत असेल, तर इतका वेळ घालवणे मला पटत नाही.

म्हणून दुसरी पद्धत, नळीची. या वयाच्या मुलीसाठी 5 किंवा 6 नंबरची मऊ, निर्जंतुक फीडिंग ट्यूब पुरते. जागा स्वच्छ करायची, जेली लावायची, नळी अलगद सरकवायची, पहिले काही थेंब टाकून द्यायचे आणि पुढची लघवी डबीत घ्यायची. सरावलेल्या हातांना एक-दोन मिनिटे लागतात, आणि नळी लगेच बाहेर येते. बाळ रडते, पुढच्या एक-दोन लघव्यांना थोडी आग होऊ शकते, क्वचित एखादा लालसर थेंब दिसतो. स्वच्छता पाळली तर नळीमुळे नवा संसर्ग होण्याची शक्यता फार थोडी असते. मुलीच्या बाबतीत घरातल्या मोठ्या बायका आणखी एक भीती मनात धरून असतात आणि ती डॉक्टरांसमोर उघड बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते: लघवीचा मार्ग आणि योनिमार्ग हे दोन वेगळे मार्ग आहेत, नळी लघवीच्या मार्गात जाते, आणि मुलीच्या पुढच्या आयुष्यावर, लग्नावर किंवा मूल होण्यावर तिचा कसलाही परिणाम होत नाही. ही गोष्ट मी आजींना शेजारी बसवून सांगते, कारण अनेकदा आईला पटलेले असते आणि नकार तिथून आलेला असतो.

तिसरी पद्धत, ओटीपोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी घेणे, ही सर्वांत स्वच्छ आहे. ती मुख्यतः अगदी लहान बाळांत आणि रुग्णालयातच केली जाते.

लघवी घेतल्यानंतरचा प्रवास आपल्या भागात सगळ्यांत कच्चा दुवा आहे. साध्या हवेत ठेवलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात, आणि थोड्या जंतूंचे काही तासांत पुष्कळ होतात. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. ते शक्य नसेल तर घेतल्याबरोबर थंड जागी ठेवून चार तासांच्या आत पोहोचवावा. एका आजोबांनी घाटाकडच्या गावातून डबी शर्टाच्या आतल्या खिशात, सांडू नये म्हणून छातीशी धरून, दोन बस बदलून आणली होती. त्यांनी जपली किती, आणि नेमक्या त्या उबेने नमुना वाया गेला. म्हणून माझा आग्रह असा की डबी घेऊन बेळगावला येऊ नये, बाळालाच घेऊन यावे आणि जिथे कल्चर लावतात तिथेच नमुना द्यावा. ते शक्यच नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून त्यात डबी बसवावी, बर्फाचे पाणी आत जाणार नाही असे झाकण घट्ट लावावे, आणि डबीवर नाव, तारीख व वेळ लिहावी. सरकारी दवाखान्यातला फॉर्म कन्नडमध्ये असला तरी अडून राहू नये. ‘कल्चर’ हा शब्द तिथेही हाच आहे, आणि वेळ मराठीत सांगितलेली नर्सबाई लिहून घेतात.

आता रिपोर्ट कसा वाचायचा. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डमध्ये 5 पेक्षा जास्त असतील तर त्या वाढलेल्या मानतात. त्या संसर्गात वाढतात, पण दुसऱ्या कारणाने आलेल्या जोरदार तापातही थोड्या वाढू शकतात, आणि मुलीत योनिमार्गाजवळच्या साध्या लालीमुळेही मिसळू शकतात. ल्युकोसाइट एस्टरेज ही पट्टीवरची चाचणी याच पेशींचा माग घेते आणि संसर्ग असलेल्या सुमारे 83 टक्के मुलांत पॉझिटिव्ह येते. नायट्राइटचे गणित वेगळे आहे. जंतूंनी लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट करायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास थांबावी लागते, आणि तान्हे बाळ तर तास-दोन तासांनी लघवी करते. त्यामुळे संसर्ग असूनही जवळजवळ निम्म्या मुलांत नायट्राइट निगेटिव्ह येते. शिवाय काही जंतू ते बनवतच नाहीत. उलट ते पॉझिटिव्ह आले तर मात्र फार विश्वासार्ह, कारण संसर्ग नसलेल्या मुलांत ते सुमारे 98 टक्के वेळा निगेटिव्हच राहते. तेव्हा तुमच्या रिपोर्टमधले निगेटिव्ह नायट्राइट पाहून निर्धास्त होऊ नये.

कल्चरमध्ये आकडा आणि जंतूचे नाव दोन्ही पाहायचे असतात. नळीने घेतलेल्या लघवीत एका मिलिलिटरला 50,000 किंवा जास्त, आणि धारेतून झेललेल्या लघवीत 1,00,000 किंवा जास्त, एकाच जातीचे जंतू उगवले आणि सोबत पस सेल्सही वाढलेल्या असल्या, तर निदान पक्के धरतात. दहांतल्या आठ-नऊ मुलांत तो जंतू ई. कोलाय असतो; उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टरोकॉकस वगैरे. दोन-तीन प्रकारचे जंतू मिश्र उगवले, तर बहुतेक वेळा नमुना बिघडलेला असतो आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. हे आकडे म्हणजे कुंपणाची भिंत नव्हे. तापलेल्या बाळात, नळीने नीट घेतलेल्या लघवीत पस सेल्स भरपूर आणि ई. कोलाय 30,000 आले, तर मी ते सोडून देत नाही. याच्या उलट, पस सेल्स अजिबात नाहीत, बाळ खेळते आहे आणि नुसतेच जंतू उगवले, तर ते औषधाशिवाय सोडून देण्याजोगे असू शकतात.

कल्चर लावल्यावर वाढ दिसायला साधारण 24 तास आणि कोणते औषध चालेल हे कळायला 48 तास लागतात. तेवढे थांबायचे नाही. नमुना दिल्यावर लगेच औषध सुरू करायचे, कारण तापाच्या सुरुवातीपासून उपचाराला जितका उशीर होतो तितका मूत्रपिंडावर व्रण राहण्याचा धोका वाढतो. औषधाचा एक डोस आधी पोटात गेला तरी कल्चर काही तासांतच कोरे येऊ शकते, मग कोणता जंतू होता आणि कोणते औषध त्याला लागू पडते हे कळायचा मार्ग राहत नाही. साध्या औषधांना दाद न देणारे ई. कोलाय आता लहान मुलांतही दिसतात, त्यामुळे सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे त्या जंतूला कोणती औषधे लागू पडतात याची, यादी हाती असणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. तीन महिन्यांवरच्या, दूध-औषध पोटात ठेवू शकणाऱ्या बाळाला तोंडाने दिलेले योग्य औषध इंजेक्शनइतकेच उपयोगी ठरते. एकूण 7 ते 10 दिवस ते द्यावे लागते आणि ताप उतरला म्हणून मध्येच थांबवायचे नसते. ताप बहुधा 48 ते 72 तासांत उतरतो. 48 तासांनंतरही तसाच राहिला तर पुन्हा दाखवावे.

मूत्रपिंडाची तुमची काळजी रास्त आहे. वेळेवर उपचार मिळालेल्या बहुसंख्य मुलांच्या मूत्रपिंडाला कायमची इजा होत नाही. निदान पक्के झाले तर मूत्रपिंड व मूत्राशयाची सोनोग्राफी करावी; तीत काही वावगे दिसले, संसर्ग पुन्हा झाला किंवा जंतू ई. कोलाय सोडून दुसरा निघाला, तर मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढण्याची तपासणी करतात. तिच्यात लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे उलटी चढते का ते दिसते. ताप व संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलांत हा उलटा प्रवाह असतो, पण बऱ्याच जणांत तो सौम्य असतो आणि वयाबरोबर जातो. म्हणूनच निदान चुकीच्या नमुन्यावर बसले तर केवढी रांग लागते पाहा: सोनोग्राफी, एक्स-रे, महिनोन्‌महिने औषध, आणि मुलगी मुळात निरोगी.

मुलगे असलेल्या पालकांसाठी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत चंदगडकडून सात महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला. दोनदा ताप आला, दोन्ही वेळा मी घसा जरासा लाल आहे म्हणून सिरप दिले आणि दोन्ही वेळा ताप उतरला. तिसऱ्यांदा लघवी तपासली, मग सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली आणि मूत्राशयाची भिंत जाड झालेली दिसली. मूत्रमार्गात लघवी अडवणारा जन्मजात पडदा होता. त्याच्या आईला मी तेव्हा पहिल्यांदा विचारले की लघवीची धार कशी आहे. ती म्हणाली, “थेंबथेंबच करतो की, बाळं अशीच करतात असं वाटलं.” हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. त्या दिवसापासून माझ्या टेबलासमोर ताप घेऊन आलेल्या एकाही मुलग्याच्या आईला तो विचारल्याशिवाय मी सोडलेले नाही. निरोगी मुलग्याची धार लांब, एकसंध पडते.

तुमच्या मुलीबद्दल आता नेमके. सिरपची बाटली सोबत घ्या, पण घरी डोस देऊ नका. तापासाठी तिच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, त्याने कल्चर बिघडत नाही. खानापुरात नळीने लघवी घेऊन थंड ठेवून पाठवण्याची सोय असेल तर तिथे, नाहीतर थेट बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताच सांगा की कल्चरसाठी नळीने नमुना हवा आहे व औषध अजून सुरू केलेले नाही. तिथे पहिला डोस देऊनच परत या. मुलगी सुस्त पडली, सगळे उलटून टाकू लागली, आठ तास लघवी झाली नाही, हातपाय गार पडले किंवा झटका आला, तर नमुन्यासाठीही अडून न राहता लगेच रुग्णालयात भरती करा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर यांतले एकही लक्षण नसले तरी भरतीचाच विचार करावा लागतो.

आपल्याकडची माणसे एक डॉक्टर बेळगावला, दुसरे मिरजेला, तिसरे कोल्हापूरला असे फिरतात, आणि प्रत्येक ठिकाणी मागचा कागद घरी राहिलेला असतो, म्हणून नवे औषध नव्याने सुरू होते. कल्चरचा रिपोर्ट मिळाला की त्याची एक प्रत मुलीच्या तायी कार्डाच्या (दवाखान्यातून मिळालेल्या आई-बाळाच्या कार्डाच्या) पाकिटात ठेवा, त्यावर नमुना नळीने घेतला होता असे पेनाने लिहा, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तिला कारण न सापडणारा ताप आला तर पहिल्याच दिवशी ते पाकीट घेऊन दवाखान्यात जा.